सफकचा ‘पेव्हस्नर’: जुना खंड, नवा खंड आणि समासातला आकडा

इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाची पुस्तके वाचणाऱ्यांना ‘बिल्डिंग्ज ऑफ इंग्लंड’ ही निकोलस पेव्हस्नर यांची, इंग्लंडमधल्या इमारतींची ओळख करून देणारी माला नव्याने सांगावी लागणार नाही. कौंटीवार (म्हणजे जिल्हावार) खंड, गावे वर्णानुक्रमे, प्रत्येक गावात आधी चर्च आणि मग बाकीच्या इमारती, ही मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. सफक या पूर्व इंग्लंडमधल्या कौंटीतल्या इप्सविचला राहायला आल्यावर काटकसर म्हणून मी सफकची १९७४ ची जुनी आवृत्ती एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली. जाहिरातीत ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले होते, पण पहिल्याच उन्हाळ्यात बांधणी उसवली आणि मधल्या छायाचित्रांचा गठ्ठा हातात आला. तक्रार केल्यावर जुन्या पुस्तकांची खळ वाळतेच, असे उत्तर मिळाले. पैसे मात्र परत मिळाले नाहीत. हा अभिप्राय लिहायला बसण्याचे निमित्त तेच.

बांधणीपेक्षा मला अधिक खटकला तो वर्णानुक्रम. माझे फिरणे बसने आणि पायी असते. ब्लाइथबरा, वॉल्बर्सविक आणि डनिच ही तिन्ही गावे ब्लाइथ नदीच्या मुखाजवळच्या एकाच टापूत आहेत, पण पुस्तकात एक सुरुवातीला आहे आणि एक अगदी शेवटाकडे. एका दिवसाच्या पायपिटीसाठी सबंध ग्रंथ उलटसुलट चाळावा लागतो आणि वाटेत लागणारे एखादे लहान गाव हमखास निसटते. आपल्याकडची जुनी जिल्हा गॅझेटिअर ज्यांनी वापरली आहेत, त्यांना हा त्रास चांगलाच माहीत असेल. मांडणी घरात बसून संदर्भ शोधणाऱ्यांच्या सोयीची आहे, वाटसरूंच्या नाही, असे माझे पक्के मत झाले होते.

ते मत बदलले समासातल्या आकड्यामुळे. प्रत्येक गावाच्या नावाशेजारी तिरप्या ठशात चार अंक छापलेले असतात. पहिले दोन अंक नॅशनल ग्रिडच्या, म्हणजे ब्रिटनच्या नकाशांवर आखलेल्या चौकोनी जाळीच्या, दहा किलोमीटरच्या चौकोनाची पश्चिमेकडची रेषा सांगतात, पुढचे दोन दक्षिणेकडची. वर सांगितलेल्या तिन्ही गावांपुढे एकच आकडा येतो: ४०७०. पश्चिम सफकमधल्या लॅव्हनमचा ९०४० आणि शेजारच्या लाँग मेलफर्डचा ८०४०, म्हणजे दोन्ही लागून असलेल्या चौकोनांत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर तो चौकोन पेन्सिलीने आखून घ्यावा, आत येणाऱ्या गावांची नावे एका चिठ्ठीवर उतरवावीत आणि ती चिठ्ठी पुस्तकात ठेवावी. या पद्धतीने वापरू लागल्यापासून वर्णानुक्रमाचा जाच पुष्कळ कमी झाला. तरीही चौकोनवार गावांची एक यादी शेवटी जोडली असती तर चार पानांत काम भागले असते, हा माझा आग्रह कायम आहे.

या पुस्तकाने मला काय दिले, हे लाँग मेलफर्डच्या चर्चबाहेर उभे राहिल्यावर कळते. चकमकीचा दगड फोडून त्याची काळी, काचेसारखी बाजू बाहेर ठेवायची आणि भोवती फिकट दगड बसवून अक्षरे किंवा नक्षी उठवायची, या कामाला फ्लशवर्क म्हणतात. मेलफर्डच्या भिंतीवर वरच्या खिडक्यांच्या रांगेशी देणगीदारांची नावे आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनेची विनंती याच रीतीने लिहिलेली आहे. सफकच्या कापड व्यापाऱ्यांचा पंधराव्या शतकातला पैसा त्या अक्षरांत दिसतो. खंडाच्या शेवटी असलेला सचित्र शब्दकोश आधी वाचला नसता, तर मी ती ओळ शोभेची पट्टी समजून पुढे गेले असते.

पेव्हस्नर यांची भाषा मात्र कोरडी आहे आणि संक्षेपांनी भरलेली आहे. जर्मनीत नोकरी गेल्यामुळे १९३३ मध्ये इंग्लंडला आलेल्या या गृहस्थांनी १९५१ ते १९७४ या काळात ४६ खंडांची माला पुरी केली. त्या वेगात लालित्याला जागा नव्हती, हे मला मान्य आहे. पण ब्लाइथबराच्या छतावरचे लाकडी देवदूत पाहताना माणसांच्या गोष्टीही हव्याशा वाटतात. त्या छतात सापडलेल्या छऱ्यांचे खापर लोक १६४४ मध्ये मूर्ती फोडत तिथे आलेल्या विल्यम डाउसिंगवर फोडत आले. प्रत्यक्षात ते छरे अठराव्या शतकात जॅकडॉ या कावळ्याच्या जातीतल्या पक्ष्यांवर झाडलेल्या बारांचे मानले जातात. अशा गोष्टींसाठी चर्चमध्ये मिळणारी स्वस्त पुस्तिका घ्यावीच.

जुना खंड पुन्हा बांधून घेण्यापेक्षा मी जेम्स बेटली यांनी २०१५ मध्ये सिद्ध केलेला सुधारित खंड घेतला. आता सफकचे पूर्व आणि पश्चिम असे दोन खंड आहेत आणि दोन्हींचे पैसे मोजणे जड जाते. छायाचित्रे रंगीत झाली आहेत, नोंदी पुष्कळ वाढल्या आहेत आणि समासातला आकडा जागेवर आहे. मी पूर्वेचाच विकत घेतला, कारण इप्सविच आणि सारा किनारा त्यात येतो. लॅव्हनम, मेलफर्डसाठी पश्चिमेचा खंड वाचनालयातून आणते. एक गोष्ट घेण्याआधी लक्षात ठेवावी: घराचे वर्णन पुस्तकात आहे म्हणजे ते पाहायला खुले आहे असे नाही, आणि वेळा तर कुठेच दिलेल्या नाहीत, त्या निघण्यापूर्वी वेगळ्या तपासाव्या लागतात.