माझेच शॉकप मला ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकले

माझी गाडी २००३ ची बलेनो. आत्ताची हॅचबॅक नव्हे, ती जुनी डिकीवाली. २०२३ ला तिचं दुसऱ्यांदा पासिंग केलं, ग्रीन टॅक्स भरला. घरच्यांच्या मते माझं शहाणपण तिथंच संपलं, कारण त्यानंतर माझ्या डोक्यात कॉइलओव्हर शिरले.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शॉकपच्या नळीवर बाहेरून आटे असतात, आट्यांवर फिरणारी रिंग, रिंगवर स्प्रिंग. रिंग खाली-वर केली की गाडीची उंची बदलते. भारीतल्या सेटला वर नॉबही असतो, तो फिरवून शॉकप कडक किंवा मऊ करता येतो.

हायवेलगत एक मॉडिफिकेशनचं दुकान आहे, नाव लिहीत नाही. मालकानं एका जपानी कंपनीचा रिकामा खोका दाखवला, फोटो दाखवले. चार चाकांचे ७२ हजार, निम्मे आधी. वर म्हणाला, “जुने शॉकप हितंच ठेवून जावा दादा, चार हजार वजा करतो.” मी खूश! पुढचे शॉकप वर्षभरापूर्वीच नवे टाकले होते, तरी म्हटलं जुन्या मालाचे चार हजार कोण देतं? दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. माल कस्टममध्ये अडकलाय म्हणे.

गाडी मिळाली तेव्हा मात्र नाद खुळा दिसत होती. खाली बसलेली, निळेशार शॉकप, वर सोनेरी नॉब. रंकाळ्याला विनाकारण दोन फेऱ्या मारल्या.

तिसऱ्या आठवड्यात पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या अलीकडं स्पीडब्रेकरवर पुढं डावीकडं ‘ठक्’ झालं. पुढच्या खड्ड्यात परत. उतरून बघितलं तर डाव्या टायरची आतली बाजू तेलानं माखलेली. वीसच्या स्पीडनं माघारी आलो.

दुकानदार म्हणाला, “नवीन हाय, सेट व्हायला वेळ लागतो.” मी तिथून तडक उद्यमनगर गाठलं. ओळखीचे एक मामा आहेत, चाळीस वर्षं लेथवर काढलेले. त्यांनी डावा शॉकप खोलून व्हाइसमध्ये धरला, निळा रंग घासला आणि हसायलाच लागले. खाली जुना काळा रंग. ब्रॅकेटवर पंचचा एक ठिपका. उजव्यावर दोन. वर्षापूर्वी शॉकप बदलताना डावा-उजवा कळावा म्हणून माझ्याच मेकॅनिकनं मारलेले.

“आरं मर्दा, हे तुझंच हाय की.”

स्प्रिंगची मूळ वाटी कापून टाकली होती आणि नळीवर आट्यांची दुसरी नळी चढवून बुडाला वेल्डिंग केलं होतं. आत तेल भरलेलं असताना बाहेरून वेल्डिंग! तेल अडवणारं सील तिथंच भाजलं. शॉकपची लांबी मूळचीच, स्प्रिंग मात्र आखूड. त्यामुळं रॉड कायम तळाशी टेकायला आलेला, त्यात तो आदळू नये म्हणून असतो तो बंपस्टॉपचा रबर गायब. ‘ठक्’ त्याचंच. जॅकवर चाक लोंबकळलं की स्प्रिंग इतकी ढिली पडायची की हातानं गरागरा फिरायची. घाटातल्या वळणावर ती जागेवरून सरकली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही टाळतो.

आणि तो सोनेरी नॉब? कट्-कट् वाजायचा झकास. खऱ्या सेटमध्ये नॉबखालचा रॉड पोकळ असतो, त्यातून बारीक सळई आतल्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. माझा रॉड भरीव होता. नॉब नुसता वर ठोकून बसवलेला. मी तो रंकाळ्यावर मित्रांना फिरवून दाखवला होता.

भांडायला गेलो तर म्हणाला, “इम्पोर्टेड कुठं लिहिलंय?” खरंच नव्हतं. साध्या कागदावर ‘शॉकप काम’ एवढंच. वकील मित्र म्हणाला, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं काय? बेकायदा बदलाला मालकाला बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे पहिला प्रश्न मलाच विचारतील. शेवटी चार मित्र घेऊन दुकानात बसलो, २० हजार परत मिळाले. बाकीचे गेले.

तरीही कुणाला बसवायचेच असतील तर आधी आरटीओचं विचारा आणि जुने शॉकप पोत्यात घालून घरी आणा. ते दुकानात राहिले नसते तर ही फसवणूक झालीच नसती. सेट बसवायच्या आधी हातात घेऊन बघा, नॉब काढून रॉडला भोक आहे का पाहा. पक्क्या बिलावर तुमच्या गाडीचं मॉडेल आणि पार्ट नंबर लिहून घ्या. ‘युनिव्हर्सल बसतंय’ म्हणाला की उठा.

बलेनोला आता साधे कंपनीचे शॉकप आहेत. ती चार निळी नळकांडी माळ्यावर आहेत, त्यातलं एक मामांनी उभं कापून दिलंय. कापलेला शॉकप आतून कसा दिसतो ते बघायचं असेल तर या, चहा माझ्याकडं.