मंगल कार्यालयातलं लोकल लाइव्ह: एक लग्नसराई वापरल्यानंतर

वरच्या हॉलमधलं लग्न इंटरनेटशिवाय खालच्या टीव्हीवर थेट दाखवणारी, तुळशीच्या लग्नानंतर बसवलेली सिस्टीम आषाढापर्यंत भर गर्दीत चालली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमचं कार्यालय सोलापूरच्या पूर्व भागात. लग्नाचा हॉल वर, जेवणाचा खाली, वधूपक्षाची खोली मागच्या अंगाला. मुहूर्ताला निम्मी माणसं खालीच असतात. कुणाचे गुडघे जिना चढू देत नाहीत, कुणाच्या मांडीवर लेकरू झोपलेलं असतं. वरचं लग्न त्यांना खालच्या टीव्हीवर दिसावं, एवढीच मागणी होती. त्यासाठी बरेच जण यूट्यूबवर लाइव्ह टाकतात आणि तेच खाली लावतात. म्हणजे वरच्या मजल्यावरचं चित्र इंटरनेटवर जाऊन परत त्याच इमारतीत येणार, आणि ऐन मुहूर्ताला लाइन गेली की टीव्ही काळा.

आमची जोडणी अशी: फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचं एचडीएमआय, ते चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यूएसबी कॅप्चर कार्ड, एक जुना डेस्कटॉप, त्यावर ओबीएस स्टुडिओ (चित्र पुढे पाठवणारं) आणि मीडियाएमटीएक्स (ते सगळ्या स्क्रीनना वाटणारं). दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. मीडियाएमटीएक्स चालू केलं की सर्व्हर तयार. ओबीएस त्याला चित्र देतं आणि स्क्रीनवर ब्राउझरमध्ये पत्ता उघडला की दिसतं. स्वस्त कॅप्चर कार्डाच्या खोक्यावर ४के लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. आत येतं ते १०८०पी, म्हणजे फुल एचडी. आपल्याला तेवढं पुरतं.

खरा प्रश्न उशिराचा. आधी आम्ही ओबीएसमधून आरटीएमपी नावाच्या पद्धतीने पाठवून स्क्रीनवर एचएलएस नावाच्या पद्धतीने बघत होतो. चित्र झकास, कुठे अडखळणं नाही. पण एचएलएस व्हिडिओचे तुकडे करून पाठवतं, आणि दोन-तीन तुकडे जमा झाल्याशिवाय प्लेअर सुरू होत नाही. त्यामुळे टीव्ही कित्येक सेकंद मागे. क्रिकेटला चाललं असतं, लग्नात नाही चालत. कारण जेवणाच्या हॉलमध्ये साउंडवाल्याचा स्पीकरही आहे आणि त्याला वरून थेट वायर आहे. स्पीकरवर ‘सावधान’ झालं, खालच्यांनी अक्षता टाकल्या, आणि टीव्हीत गुरुजी अजून अष्टकाच्या मध्यावर. शेवटच्या अष्टकाला वाजंत्री वाजायला लागले, टाळ्या पडल्या, टीव्हीत मात्र अंतरपाट तसाच धरलेला. एक आजी म्हणाल्या, “एकाच पोरीचं लग्न दोनदा लावताय का रे बाबा?” आमच्याकडे मूळच्या तेलुगू विणकर पद्मशाली समाजाचीही लग्नं भरपूर. त्यात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. तो क्षण उशिरा दिसला तर बाकी चित्र कितीही सुंदर असू द्या, घरची माणसं ऐकून घेत नाहीत. सिद्धेश्वरांच्या यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा घरी लाइव्ह बघताना थोडं मागे असलं तरी कळत नाही, कारण शेजारी दुसरा आवाज नसतो. आमचा घोळ त्या दुसऱ्या आवाजाचा होता.

वेबआरटीसी या, व्हिडिओ कॉलसारखं लगेच पाठवणाऱ्या पद्धतीवर गेल्यावर तो मिटला. ओबीएसच्या ३० व्या आवृत्तीपासून वेबआरटीसीने पाठवायची व्हिप नावाची सोय आहे. सर्व्हिसमध्ये ती निवडायची आणि मीडियाएमटीएक्सचा ८८८९ पोर्टचा पत्ता द्यायचा. आता टीव्ही जेमतेम अर्धा सेकंद मागे असतो. सेटिंग मात्र नीट लागतात. बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या चित्रांवरून बनणाऱ्या फ्रेम) शून्य ठेवा, नाहीतर वेबआरटीसीवर चित्र उड्या मारतं. कीफ्रेम (अख्खं चित्र असलेली फ्रेम) एक-दोन सेकंदाला ठेवा, म्हणजे मध्येच चालू केलेला टीव्ही काळा राहत नाही. आवाजाचं आणखी एक: आरटीएमपीने एएसी प्रकारचा आवाज पाठवलात तर ब्राउझरच्या वेबआरटीसीत तो येतच नाही, तिथे ओपस प्रकारचा लागतो. व्हिपने पाठवताना ओबीएस ओपसच देतं. वधूच्या खोलीत स्पीकर नाही, तिथे हे फार कामाला आलं. फक्त ब्राउझर आपणहून आवाज सुरू करत नाहीत, एकदा क्लिक करावं लागतं. ते काम आमचा मॅनेजर सकाळीच उरकतो.

वायरिंगमध्ये काटकसर करू नका. सगळ्या स्क्रीन केबलवर आहेत. कॅट-६ शंभर मीटरपर्यंत जाते, तेवढ्यात आमचं अख्खं कार्यालय बसतं. प्रत्येक स्क्रीनला स्वतंत्र प्रवाह जातो. म्हणजे ४ एमबीपीएसचं (सेकंदाला ४ मेगाबिट) चित्र पाच ठिकाणी दाखवायचं तर २० एमबीपीएस, सगळ्या केबल जिथे जोडतात त्या गिगाबिट नेटवर्क स्विचला ते काहीच नाही. आता हाच हिशोब पाहुण्यांच्या फोनना लावा: चाळीस जणांनी उघडलं की १६० एमबीपीएस, आणि तेही एका वाय-फायवर, जिथे हॉलमधले शेकडो फोन आधीच घुटमळतायत. वरपक्षाकडून क्यूआर कोड लावायचा आग्रह होतो. मी साफ नाही म्हणतो. शिवाय वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि आपला पत्ता उघडत नाही. मग प्रत्येकाला समजावत कोण बसणार?

डेस्कटॉपचा पत्ता राउटरमध्ये कायम करून ठेवा. आमचा १९२.१६८.१.५० आहे, तो सगळ्या स्क्रीनवर बुकमार्क केलाय. विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी एकदाच द्यावी लागते.

सोलापूरचे दोन त्रास वेगळे. मे महिन्यात पारा ४० च्या वर, त्यात डेस्कटॉप माळ्यावरच्या खोलीत. आणि आजूबाजूला यंत्रमाग, त्यामुळे कापसाचा तुसा हवेतच असतो. पंख्यावर त्याचा थर बसला की प्रोसेसर तापून हळू होतो आणि ओबीएस फ्रेम गाळायला लागतं. दर पंधरवड्याला ब्लोअर मारतो, एन्कोडिंग (व्हिडिओ लहान करून पाठवण्याजोगा करायचं काम) ग्राफिक कार्डावर टाकलंय, तेव्हापासून तक्रार नाही. लाइट जाण्यासाठी यूपीएस आहेच, पण नेटवर्क स्विचही त्याच यूपीएसवर घ्या. नुसता कॉम्प्युटर जिवंत ठेवून काय उपयोग?

न आवडलेलं सांगायचं तर टीव्हीतले ब्राउझर. जुन्या स्मार्ट टीव्हीवर वेबआरटीसी चाललंच नाही, मागे वेगळे अँड्रॉइड बॉक्स लावावे लागले. आणि फोटोग्राफर दरवेळी वेगळा. कुणाच्या कॅमेऱ्याला मिनी एचडीएमआय, कुणाला मायक्रो. कनेक्टरची पिशवी भरूनच ठेवलीय. कॅमेऱ्यातली स्क्रीनवरची अक्षरं बंद करायला त्यांना आठवणीने सांगावं लागतं, नाहीतर नवरीच्या कपाळावर बॅटरीचं चिन्ह.

एका मजल्याचा छोटा हॉल असेल तर हा खटाटोप नको, लांब एचडीएमआय केबल आणि स्प्लिटरवर भागेल. दोन मजले आणि तीनपेक्षा जास्त स्क्रीन असतील तर मात्र जरूर करा. आमच्या आचाऱ्याने आता स्वयंपाकघरात एक स्क्रीन मागितलीय. शेवटचं अष्टक दिसलं की पुऱ्या तेलात सोडायच्या, म्हणजे पहिली पंगत गरम जाते. पावसाळ्यात तिथपर्यंत केबल ओढून घेतोय.