दाढ दुखतेय: दंत महाविद्यालय की घराजवळचा दवाखाना?

आईच्या दोन दाढांसाठी इंदूरमध्ये दोन्ही वाटा पाहिल्या. खाजगीत संध्याकाळी सातची वेळ मिळाली, रूट कॅनॉल दोन खेपांत आटोपलं. पण कॅपचा खर्च ऐकून आई गालावर हात ठेवून म्हणाली, "दुसरी काढूनच टाकू."

दुसरीसाठी शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. सकाळी लवकर पर्ची, मग एक्स-रे, मग रांग. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षक येऊन तपासतात. वेळ लागतो तो त्यामुळेच. पैसे अगदी थोडे. रोजंदारीवाल्याचा मात्र प्रत्येक खेपेला दिवस बुडतो आणि वाचण्यासारखी दाढ तो काढून मोकळा होतो. याचं फार वाईट वाटतं.

सवड असेल तर महाविद्यालयातच जा. गाल सुजून ताप आला असेल तर जवळ मिळेल तिथे, त्याच दिवशी.