पद्मिनीचे पार्ट ऑनलाइन घेताना: चिठ्ठी, व्हिडिओ आणि टू-पे, आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रीमियर पद्मिनी या गाडीचं उत्पादन 2001 च्या सुमारास थांबलं. ग्रिल, टेललॅम्पची काच, सोलेक्स कार्बोरेटर, सगळं आता जुन्या मालातून हुडकावं लागतं. वस्तू दुर्मीळ आणि घेणारा उतावीळ, भामट्याला आणखी काय हवं? आठ महिने एकच नियम पाळून पाहिला: पार्ट विकणाऱ्याच्या हातात आहे हे दिसेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही.

आपलं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी पार्टवर ठेवून फोटो मागवणं ही जुनी युक्ती. ती आता एकटी पुरत नाही, कारण फोटोत चिठ्ठी घुसवणं सोपं झालंय. म्हणून सोबत वीस सेकंदांचा व्हिडिओ मागा आणि त्यात काय करायचं ते आपण ठरवा. कार्बोरेटर असेल तर थ्रॉटलची दांडी बोटानं आडवी हलवून दाखवायला सांगा. पार्ट खरा आहे हे कळतंच, दांडी किती झिजलीय तेही दिसतं. डिस्ट्रिब्युटर कॅपची, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या झाकणाची, तोंडं मोजा: चार सिलिंडरला कडेची चार आणि मधलं एक. एआयनं बनवलेल्या फोटोत कधी कधी इथेच गडबड सापडते, पार्टवरची ओतीव अक्षरंही वितळल्यासारखी दिसू शकतात. इंजिनाचा भाग असेल तर '1089 सीसीचा की 118 एनईचा?' एवढं विचारा. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं; 118 एनई ही प्रीमियरचीच दुसरी गाडी, तिचं इंजिन निसानचं, 1171 सीसी. 'दोन्हीला बसतो' असं बेधडक उत्तर आलं की तिथेच थांबा.

एक मात्र सांगायलाच हवं. धूसर फोटो, त्यात आलेला अंगठा, तुटक बोलणं ही फसवणुकीची खूण नव्हे. जुन्या बाजारातले कितीतरी सच्चे दुकानदार असेच असतात. खरी खूण म्हणजे घाई: 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, निम्मे टाका.' विश्वास बसावा म्हणून फौजी ओळखपत्राचा फोटो न मागता आला, तर तीही फसवणुकीचीच खूण.

बॉनेट, दरवाजा असा जड माल ट्रान्सपोर्टनं 'टू-पे' मागवा, म्हणजे भाडं गोडाउनवर माल उचलताना द्यायचं. त्यामुळे 'भाडं आधी पाठवा, नंतर परत मिळेल' या मागणीला जागाच उरत नाही. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला तर त्यावरचा नंबर ट्रान्सपोर्ट कंपनीकडे स्वतः तपासा, विक्रेत्यानं पाठवलेल्या लिंकवरून नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पोर्टलवर तो टाकला की नाव-पत्ता निघतो आणि यूपीआयवर दिसणाऱ्या नावाशी ताडून पाहता येतो. कॅश ऑन डिलिव्हरीवर मात्र फार विसंबू नका. खोकं बहुतेकदा पैसे दिल्यावरच उघडता येतं, आणि आत दगडही निघू शकतो.

'पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा निरोप आला तर पिन टाकू नका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच, तर भामट्याशी वाद घालत बसू नका. तो जाहिरात पुसेल, म्हणून आधी जाहिरात, चॅट आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट घ्या, व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक लिहून ठेवा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखता आली तरच हाती लागते. त्यानंतर बँकेला कळवा आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करून पोचक्रमांक जपून ठेवा.