आठ महिने जॅस्प वापरल्यावर

कॉलेजच्या लॅबमधल्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं आणि एम.ए. मानसशास्त्राची प्रॅक्टिकल्स तोंडावर आली, तेव्हा नाइलाजानं जॅस्प हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं, पूर्ण मोफत. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून, माझ्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवात केली. आता परत जायची इच्छा नाही.

पहिला दिवस वाया गेला तो माझ्याच चुकीनं. एक्सेलमध्ये मी प्रत्येक गटाला एक रकाना द्यायचे. इथे एका माणसाची एक ओळ लागते: वयोगट, अट, आठवलेले शब्द. बास, तीन रकाने.

सरावाला घेतली ती मायकेल आयसेंक यांच्या 1974 च्या प्रयोगावर बेतलेली, पाठ्यपुस्तकांत नेहमी भेटणारी आकडेवारी. 27 शब्दांची यादी, 18 ते 30 आणि 55 ते 65 असे दोन वयोगट, पाच अटी: अक्षरं मोजा, यमक जुळवा, विशेषण सुचवा, चित्र डोळ्यांपुढे आणा, आणि शेवटच्या गटाला सरळ सांगितलेलं की पाठ करा. बाकी चार अटींतल्या लोकांना नंतर शब्द विचारणार आहेत याचा पत्ताच नाही. वय आणि अट मिळून दहा गट, प्रत्येकात 10, एकूण 100 माणसं.

प्रसरण विश्लेषण, म्हणजे ॲनोव्हा, चालवलं आणि तक्ता क्षणात आला. त्यातला एफ म्हणजे गटागटांतला फरक गटांच्या आतल्या चढउताराच्या किती पट आहे तो आकडा. वयाचा एफ 29.94, अटीचा 47.19, आंतरक्रियेचा, म्हणजे वयाचा परिणाम अटीनुसार बदलतो का याचा, 5.93; त्रुटीचे स्वातंत्र्यांश (100 माणसं वजा 10 गट) 90. इतकी वर्षं मी मुलांना पहिल्या दोन ओळींवरून निष्कर्ष लिहू देत होते: तरुणांना जास्त आठवतं, अर्थाचा विचार केला की जास्त आठवतं. तिसऱ्या, आंतरक्रियेच्या ओळीपुढे ‘सार्थक’, म्हणजे निव्वळ योगायोग वाटत नाही, एवढं लिहायचं की झालं!

जॅस्पमध्ये आडव्या अक्षावर अट टाकली, वेगळ्या रेषांसाठी वय टाकलं आणि आलेख बघत बसले. अक्षरं मोजणाऱ्यांत ज्येष्ठांची सरासरी 7.0, तरुणांची 6.5. म्हातारेच अर्ध्या शब्दानं पुढे! पाठ करणाऱ्यांत मात्र 12.0 आणि 19.3. म्हणजे ‘वयानं स्मरण घटतं’ हे वाक्य या प्रयोगावरून तसंच्या तसं लिहिताच येत नाही. शब्दांवर काय काम केलं ते आधी विचारावं लागतं. मग वही काढून प्रत्येक अटीतला वयाचा परिणाम हातानं काढला. मोजणीत एफ जेमतेम 0.16, पाठांतरात 33 च्या वर. पाचही अटींतल्या वर्गांची बेरीज (सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून घेतलेली) 430.55 निघाली, म्हणजे तक्त्यातले वयाचे 240.25 आणि आंतरक्रियेचे 190.30 मिळून होतात तेवढीच. चहा गार झाला, पण हा हिशेब जुळताना बघायला मजा आली.

भाचा महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकतो. तो डोकावून म्हणाला, “काऊन मावशी, हे तर आमचं खत-पाणी आहे ना!” शेतातल्या प्रयोगात खत आणि पाणी हे दोन घटक असेच एकत्र तपासतात. खरंच आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी ही ॲनोव्हाची पद्धत इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करतानाच घडवली. पाणीच नसेल तर खताचा फरक दिसत नाही, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला एफ न काढता माहीत असतं.

आमच्या स्वतःच्या प्रयोगात विद्यार्थी ढीगभर, ज्येष्ठ मंडळी थोडीच मिळाली. गट असमान. एका मुलीनं तोच डेटा आर (R) या दुसऱ्या मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये चालवला आणि वयाचा एफ वेगळा आला. दोघी घाबरलो. कारण साधं होतं: आरचं नेहमीचं फंक्शन वर्गांची बेरीज पहिल्या प्रकारानं करतं, घटक ज्या क्रमानं लिहू त्यावर उत्तर ठरतं, जॅस्प आपणहून तिसरा प्रकार धरतं, म्हणजे प्रत्येक घटकाचा परिणाम बाकी सगळे घटक हिशेबात धरून काढतं. आंतरक्रियेची ओळ दोन्हीकडे तंतोतंत तीच होती. जॅस्पच्या मॉडेल विभागात प्रकार बदलता येतो, एवढं ध्यानात ठेवा. गट समान असतील तर हा प्रश्नच येत नाही.

खटकतं ते एकच, आणि त्यात दोष सॉफ्टवेअरचा कमी, आमच्या बोटांचा जास्त. चौकोनात टिक केली की उत्तर समोर हजर, म्हणून मुलं दिसेल त्या चौकोनात टिक करत सुटतात. दहा गटांच्या सगळ्या जोड्या पडताळल्या तर 45 तुलना होतात. त्या 45 ओळी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये जशाच्या तशा चिकटवलेल्या मी तपासल्या आहेत.

पाचपैकी चार तारे. यंदापासून आलेखाशिवाय तक्ता तपासत नाही, असं सांगून ठेवलंय. पहिल्याच आठवड्यात सहा जर्नलं परत केली.