‘गोल्डन सेला’: तांदूळ चांगला, पाटी चुकीची

मागच्या महिन्यात परभणीतील एका किराणा दुकानातून ‘गोल्डन सेला’ बासमतीची ५ किलोंची पिशवी घेतली. किलोला ११० रुपये पडले. आमच्या घरी जेवण ज्वारीच्या भाकरीवर चालते आणि भात शेवटी वरणापुरता लागतो, त्यामुळे एरवी एवढा महाग तांदूळ घेतला नसता. परंतु थप्पीवर खोचलेल्या पुठ्ठ्यावर ‘व्हिटॅमिन ए असलेला गोल्डन राईस’ असे लिहिले होते, आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते वाचून पुढे जाणे जड गेले. “सर, नेऊन तर बघा, याच्यात गाजरातलं व्हिटॅमिन असतंय,” अशी दुकानदारांनी भरही घातली.

तांदळाविषयी तक्रार नाही. पहिल्या दिवशी न भिजवता, नेहमीच्याच अंदाजाने पाणी घालून कुकर लावला, तेव्हा दाणा मध्ये कचकचीत राहिला. ती चूक आमची. दुसऱ्या वेळी तासभर भिजवून, भरपूर पाण्यात उकळून निथळला, तर मसालेभाताचा दाणा न् दाणा सुटा झाला आणि झाऱ्याने हलवूनही तुटला नाही. वरणभातासाठी मात्र हा तांदूळ घेऊ नये. वरण त्यात मुरत नाही, दाण्यावरून ओघळून ताटात वेगळे साचते. आईने दोन घास खाऊन भाकरीच मागितली.

आता पाटीविषयी. कच्चा दाणा मधासारखा पिवळा दिसतो, पण शिजल्यावर सायीच्या रंगावर येतो. सेला म्हणजे भात सालासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला तांदूळ. वाफवताना सालाचा रंग दाण्यात उतरतो आणि कोंड्यातील काही ब जीवनसत्त्वेही आत शिरतात. हा फायदा खरा आहे, पण त्याचा अ जीवनसत्त्वाशी संबंध नाही.

ज्याला ‘गोल्डन राईस’ म्हणतात, तो प्रयोगशाळेत घडलेला निराळा तांदूळ आहे. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते बीटा-कॅरोटिन भाताच्या हिरव्या पानांत असते, पण आपण खातो त्या पांढऱ्या गाभ्यात ते तयार होत नाही. झुरिकचे इंगो पोट्रिकुस आणि फ्रायबुर्गचे पीटर बायर यांनी डॅफोडिल या फुलझाडाची आणि एका जिवाणूची जनुके भातात घालून गाभ्यातही ते तयार करून दाखवले. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी प्रमाण ग्रॅममागे १.६ मायक्रोग्रॅम इतकेच होते. २००५ मध्ये डॅफोडिलऐवजी मक्याचे जनुक वापरल्यावर ते ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले.

पण जनुक घालून काम संपत नाही, ते गुणसूत्रात कोठे जाऊन बसते यावरही बरेच अवलंबून असते. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी गोल्डन राईसचा एक प्रकार आपल्या ‘स्वर्णा’ वाणात उतरवला, तेव्हा नव्या जनुकाने भाताचेच एक जनुक मोडल्याचे आढळले. झाडे खुजी राहिली, पाने फिकट पडली, उतारा घटला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. (वर्गात हे उदाहरण मी दरवर्षी सांगतो आणि मुले त्याच वेळी जागी होतात.) फिलिपिन्सने वेगळ्या प्रकाराला २०२१ मध्ये लागवडीची परवानगी दिली, ती तेथील न्यायालयाने २०२४ मध्ये रोखली.

भारतात हा तांदूळ विक्रीला मंजूरच नाही. आपल्याकडे परके जनुक घातलेले आणि व्यापारी लागवडीला आलेले पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस, आणि तो मराठवाड्याला कोणी नव्याने सांगायला नको. मे २०२५ मध्ये जाहीर झालेले ‘डीआरआर धान १००’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे भाताचे वाण जनुक-संपादित, म्हणजे भाताच्या स्वतःच्याच जनुकांत बदल केलेले आहेत. त्यांत बाहेरचे जनुक नाही आणि त्यांचा अ जीवनसत्त्वाशीही संबंध नाही. तेव्हा किलोला ११० रुपये मोजून पिशवीत जे येते ते बिर्याणी-मसालेभाताचा उत्तम तांदूळ एवढेच. मुलांच्या डोळ्यांसाठी म्हणून कोणी तो घेत असेल, तर तेच पैसे गाजर, शेवग्याचा पाला आणि पिकल्या पपईवर खर्च करावेत.

तांदळाला पाचपैकी चार तारे देतो, दुकानाला तीन. दुकानदारांना हे सगळे सांगितले, तेव्हा ठोक व्यापाऱ्याने असेच सांगितले होते, असे ते म्हणाले आणि खिशातील पेनाने त्यांनी माझ्यासमोरच ‘व्हिटॅमिन ए असलेला’ हे शब्द खोडले. ‘गोल्डन राईस’ मात्र पुठ्ठ्यावर अजून तसेच आहे.