ग्नोम की प्लाझ्मा? आधी पाहा दोघांचं कुठे जुळत नाही

ग्नोम आणि प्लाझ्मा हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप, म्हणजे मेनू, खिडक्या, सेटिंगं सांभाळणारे. उबुंटू किंवा फेडोरा वर्कस्टेशन ही लिनक्सची रूपं टाकली की ग्नोम येतं, कुबुंटू टाकलं की प्लाझ्मा. दोन्हीत रोजचं काम होतं. प्रश्न असतो तो एकातून दुसऱ्यात गेल्यावर काय अडेल याचा.

बरंचसं अडत नाही. प्लाझ्मा बनवणारा केडीई प्रकल्प 1996 मध्ये सुरू झाला. त्याचा पाया असलेल्या क्यूटी या ॲप बांधायच्या साधनसंचाचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता, म्हणून 1997 मध्ये ग्नोम उभं राहिलं. पण 2000 पासून फ्रीडेस्कटॉप या सामायिक प्रकल्पाच्या छपराखाली सामायिक नियम ठरत गेले. त्यामुळे ॲपइमेजसाठी (एकाच फाइलीत मिळणाऱ्या ॲपसाठी) तुम्ही लिहिलेली 'डॉट डेस्कटॉप' फाइल होममधल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरातल्या 'शेअर'मध्ये, 'ॲप्लिकेशन्स'खाली एकदा ठेवली की दोन्हींच्या मेनूत दिसते. टाइप, नेम आणि एक्झेक या तीन ओळी पुरतात. लोक चुकतात ते एक्झेकमध्ये: तिथे घरच्या फोल्डरासाठी ~ चालत नाही, पूर्ण पत्ताच लागतो. नाहीतर ग्नोमच्या मेनूत ॲप दिसतच नाही. कचरापेटीही एकच आहे. ग्नोममध्ये टाकलेली फाइल प्लाझ्मातून परत काढता येते.

आता न जुळणाऱ्या गोष्टी.

घड्याळाशेजारचे छोटे आयकॉन (चॅट, व्हीपीएन, क्लाउड सिंक) प्लाझ्मात आपोआप दिसतात. ग्नोमने 2017 च्या 3.26 मध्ये जुना ट्रे (या आयकॉनांची जागा) काढून टाकला. आयकॉन परत हवे तर ॲपइंडिकेटर हे एक्स्टेंशन, म्हणजे ग्नोमला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. उबुंटू ते आधीच बसवून देतं, फेडोरात आपण शोधायचं. ट्रेवर काम अवलंबून असेल तर माझं मत सरळ प्लाझ्माला.

कारण एक्स्टेंशन ही ग्नोमची दुखरी नस आहे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि एक्स्टेंशनच्या माहितीफाइलीत तिचा क्रमांक नसेल तर ते बंद पडतं. 2023 च्या ग्नोम 45 मध्ये तर एक्स्टेंशनांनी मॉड्यूल (कोडचे भाग) आयात करण्याची पद्धतच बदलली, तेव्हा सगळ्याच एक्स्टेंशनांना दुरुस्ती लागली. प्लाझ्मात पॅनेल हलवणं, घड्याळ बदलणं, शॉर्टकट नेमणं हे सगळं मूळ सेटिंगांतच आहे. इतकं की हरवायला होतं. काहीच न बदलता वापरायचं असेल तर ग्नोम जास्त नेटकं.

मराठी टायपिंगला ग्नोम सोपं. आयबस हे वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचं साधन त्यातच जोडलेलं आहे: आयबसचं एम17एन पॅकेज (त्यात मराठीचे कीबोर्ड असतात) टाका, लॉगआउट करून परत या, कीबोर्डच्या इनपुट सोर्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक निवडा, सुपर (विंडोज चिन्हाची कळ) आणि स्पेसने अदलाबदल. प्लाझ्माच्या वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) सत्रात आयबससारखंच एफसीआयटीएक्स 5 आणि त्याचं एम17एन टाकून सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड'मध्ये तेच निवडावं लागतं. नाव फसवं असल्यामुळे ही पायरी सुटते, मग काही ॲपांत मराठी उमटतं, काहींत नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी पासवर्डची. क्रोमियमवर उभे असलेले ब्राउझर साठवलेल्या पासवर्डांची किल्ली ग्नोममध्ये ग्नोम कीरिंग या तिजोरीत ठेवतात, प्लाझ्मात केवॉलेट या वेगळ्या तिजोरीत. त्याच खात्यातून दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये शिरलात की जुनी किल्ली सापडत नाही, बहुतेक साइटांवरून लॉगआउट होतं आणि पासवर्ड गायब वाटतात. शिवाय प्लाझ्मा जीटीके ॲपांचं (ग्नोमच्या साधनसंचावर बांधलेल्या ॲपांचं) रूप बदलून ठेवतो, ते ग्नोममध्ये परतल्यावरही तसंच राहतं.

म्हणून दोन्ही चाखून पाहायचे असतील तर दुसऱ्यासाठी वेगळं युजर खातं उघडा. सत्र (ग्नोम की प्लाझ्मा) निवडायचं बटण ग्नोमच्या लॉगिन पडद्यावर उजवीकडे खाली, दातेरी चाकासारखं. नाव निवडल्यावरच ते दिसतं.